सातवी चौकट

सोहारच्या जमीन-नोंदणी कचेरीत
मी बाण काढत गेलो: अकरा टेबलं, सव्वीस दिवस.
सातव्या चौकटीत होतं, थांबणे.
कारणाच्या रकान्यात काही नाही.
खोडली.

आता चार टेबलं, दोन दिवस. साहेब खूश.

परवा खल्फान बिन रशूद आला,
आजोबांचा कागद घेऊन.
चतुःसीमा: पूर्वेस समुराचं झाड,
पश्चिमेस फलजचा पाट, पुढे भाऊ.
स्क्रीनवर झाडाला जागा नाही.

म्हणाला, इथे बाक होता ना?
शेजारी भेटायचा. काहवा पिता पिता
झाडाची सावली कुणाची ते ठरायचं.
आता कोर्टात भेटतो.

रात्री नकाशा उघडून बसलोय.
सातव्या चौकटीत नुसता बाक काढला
तर विचारतील,
याला वेळ किती धरायचा?