बोंग-यो

रात्री पावणेतीनला आणली तिला तोंगशी बंदरावरून.
कालवं फोडणारी बाई, वय एकाहत्तर,
बोटांच्या पेरांत शिंपल्यांची भुकटी.
ताप, उलट्या, डाव्या कुशीत कळ.
मुलगा म्हणाला, चार दिवस झाले,
आई 'वारा धरलाय' म्हणते
आणि आल्याचा काढा पिऊन निजते.

शुगर चारशे ऐंशी. प्लेटलेट पडलेल्या.
रक्तदाब जिवंत माशासारखा हातातून निसटणारा.
विचारलं, आजी, आज वार कोणता?
म्हणाली, भरतीचा.

एवढ्यावर मला कळायला हवं होतं.
मी मात्र 'मूतखडा?' असं लिहूनही टाकलं होतं.
नंतर खोडलं. खोडलेलं दिसतं अजून.

सीटी स्कॅन आला
आणि माझी खुर्ची आपोआप मागे सरकली.
मूत्रपिंडात हवा कुठून येणार?
तरी होती. काळी, बुडबुड्यांची,
पीठ आंबून वर यावं तशी,
आत गरात, आणि बाहेरच्या चरबीतही थोडी.
रक्तात साखर सांडलेली; जंतू पोटभर जेवले
आणि त्यांनी ढेकर दिले.

वारा धरलाय, म्हणाली होतीच की ती.

डॉक्टर ल्याव आले, भिजलेल्या चपलांनी.
त्यांच्या उमेदीत असं मूत्रपिंड दिसलं
की त्याच रात्री काढून टाकायचे.
स्वतः किती काढली, ते बोलले नाहीत.
स्क्रीनकडे बराच वेळ बघून म्हणाले,
आधी वाट करून देऊ. नाही उतरलं, तर सुरी आहेच.

पाठीतून सुई, सुईतून तार, तारेवरून नळी.
नळीतून आधी नुसता फुस्स आवाज.
मग पू.

अँटिबायोटिक, सलाइन, इन्सुलिन,
दर तासाला बोट टोचणं,
आणि त्या बोटांना असे घट्टे
की लॅन्सेट शिरेना.
दुसऱ्या दिवशीही ताप तसाच.
डॉक्टर ल्याव दोनदा आले, दोनदा परत गेले.
तिसऱ्या दिवशी लघवी झाली, वाटीभर.
नर्स चिऊ-यिन ती दोन्ही हातांत धरून
मला दाखवायला घेऊन आली,
देवापुढचं तेल सांडू नये तशी.

पाचव्या दिवशी तिने नावाचं सांगितलं.
चौथी मुलगी मी. बाप म्हणाला,
असू दे, वाढवू कशीबशी.
तेच नाव पडलं, बोंग-यो.
कारकुनाने लिहिताना कंबरेचं अक्षर घातलं,
उच्चार तोच म्हणून.

आमच्या बोलीत मूत्रपिंडही
त्याच अक्षराने सुरू होतं. मी सांगितलं नाही.

काढलं नाहीत ना?
नाही. अजून तरी नाही. उद्या पुन्हा स्कॅन आहे.
असू दे, म्हणाली,
आणि मान वळवून मुलाला विचारलं,
इतके दिवस कालवं कुणी फोडली?