वास

रात्रपाळी संपवून खाडीपुलावरून घरी येतो
तर दारातच वेणू म्हणते,
मासळी मी विकते आणि वास तुम्हाला.

खरंय. अमाइनला शिळ्या बांगड्याचा वास येतो.
हातमोजे घातले तरी नखांत शिरतो,
पेजेच्या पहिल्या घोटात लागतो.
गेटवरचं कुत्रं तेवढं माझ्यावर खूश असतं.

काम सांगायला सोपं आहे:
चिमणीकडे निघालेला धूर वाटेत अडवायचा,
निववायचा, उंच टाकीत खालून सोडायचा,
वरून हे औषध शिंपडायचं.
ते कर्ब धरतं,
पदराच्या गाठीत पैसा धरावा तसं.
मग शेजारच्या टाकीत, एकशेवीस अंशांवर,
वाफ देऊन गाठ सोडवायची.
धर, सोड. धर, सोड.
मी काटे बघतो. इक्बाल मुकादम वही भरतो
आणि पहाटे चारला हमखास म्हणतो,
आपल्यालाही असंच कोणीतरी चालवतंय रे.

शंभरातले नव्वद धरतो, असं फलकावर रंगवलंय.
दहांचं काय, ते नाही.
आणि नव्वदांसाठी लागणारी वाफ
त्याच बॉयलरची, त्याच कोळशाची.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
वेणू म्हणाली.
मी साहेबांना सांगितलं नाही.

माझा चुलता बंदरावर शिंपल्यांची भट्टी लावायचा.
कालवं, तिसऱ्या, खुबे,
त्यांनी जन्मभर कवचात जिरवलेलं
एका रात्रीत हवेत मोकळं करायचा
आणि खाली उरलेला चुना पायलीनं विकायचा.
त्या चुन्याच्या भिंती मग वर्षानुवर्षं,
कुणाला न सांगता,
तोच वायू हवेतून ओढून पुन्हा दगड होत राहिल्या.
चुलत्याला हे ठाऊक नव्हतं. मलाही
खातू मॅडमनी सांगितलं,
सड्यावर बोअर मारायला आल्या तेव्हा.

आधी जांभा, मग शेडी, मग काळा कातळ.
पत्र्याच्या पेट्यांत दगडाच्या लांब कांड्या मांडल्या होत्या.
एका कांडीला भोकं,
भोकांत भाताच्या शिताएवढं पांढरं काही.
मॅडमनी त्यावर ॲसिडचा थेंब टाकला.
फसफसलं.
म्हणाल्या, बघा, कातळानं केव्हाचा धरलेला.
मी थेंब टाकेपर्यंत सोडला नव्हता.
आपलाही असाच खाली पुरायचा,
जमलं तर. मंजुरी आली तर.

तोवर दर गुरुवारी एक टँकर घाट चढून जातो
थंड पेयांच्या कारखान्यात.
बाटली उघडली की फस्स.
इक्बाल वहीत लिहितो: रवाना.

ओहोटीला वेणू कालवं फोडायला जाते.
यंदा कोयतीला जोर लागत नाही, म्हणाली,
कवचं पापुद्र्यासारखी झालीत.
मी काहीच बोललो नाही.

शर्ट मागच्या दोरीवर वाळत घातलाय, दोनदा धुऊन.
मतलई सुटली की वास खाडीवर जातो,
खारा वारा फिरला की घरात.
तिसरीकडे नेणारा वारा
आमच्याकडे कुणाला माहीत नाही.