कळ

कास्तामोनूच्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावर
नेरिमान हानिम सव्वीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं टंकते आहे.
तिच्या भाषेतली अक्षरं मोजून मांडलेला कीबोर्ड:
स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या.
एक हात बोलतो, दुसरा हुंकार देतो,
दोघींनी एका खुंट्याला धरून दळावं तसं.

जुन्यात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग होती.
अर्ध्या वाटेतच ती लचकायची, टक् म्हणायची,
म्हणजे: पोचलं, पुढे जा.
तळ गाठायची गरज नव्हती.
न्यायाधीश एकदा वैतागून म्हणाले होते,
बाई, या गारा जरा थांबवा.

मार्चमध्ये नवे आले.
पातळ, काळे, गुपचूप.
कळीखाली रबराची टोपी,
आणि अक्षरं परक्या क्रमानं.
तिचा रोजचा इ आता करंगळीच्या वाट्याला,
घरातल्या सगळ्यांत धाकटीला
घागर उचलायला लावावी तसा.
दाबलं गेलं की नाही, कळत नाही;
म्हणून ती तळापर्यंत दाबते,
दर अक्षराला बोट दगडावर आपटतं.
संध्याकाळी मनगटात कळ उठते.
बसमध्ये ती हात गुडघ्यांत धरून बसते.

शेजारच्या टेबलावर गुलचीन, चोवीस वर्षांची,
चार बोटांनी, खाली बघत, आणि तरी भरभर.
"होईल सवय, आब्ला. मिनिटाला किती शब्द
ते मोजतंय कोण?"
नेरिमान मोजते.
पंच्याण्णव होते. आता एकसष्ट.

बुधवारी जमिनीचा खटला.
साक्षीला हिदायेत आमजा, टोपी हातात,
कानानं जरा जड.
म्हणाला, सीमा अक्रोडाच्या झाडापाशी आहे.
तिच्या भाषेत सीमा आणि संताप यांच्यात
दोन टिंबांचं अंतर.
करंगळी आगाऊपणानं पुढे आली, दोनदा,
आणि तिनं वाचून दाखवलं, जसं उमटलं तसंच:
संताप अक्रोडाच्या झाडापाशी आहे.

कुणीतरी हसलं.
म्हातारा हसला नाही.
समोरच्या बाकावर त्याचा सख्खा भाऊ
बुटांची नाडी बघत होता.
"तेही खरंच आहे," आमजा म्हणाला,
"पण तुम्ही सीमाच लिहा."

तिनं टिंबं काढली.
तळापर्यंत दाबून.

शुक्रवारी अडगळीच्या खोलीतून
तिनं जुना शोधून आणला, फडक्यानं पुसला.
वायरचं टोक गोल, नव्या यंत्राचं तोंड चपटं.
गुलचीन म्हणाली, मधला तुकडा मिळतो,
बघते बाजारात.

तोवर जेवणाच्या सुट्टीत
नेरिमान, कशालाच न जोडलेल्या कीबोर्डवर,
डोळे मिटून टंकत बसते.
पडदा कोरा.
टक्. टक्.
चहावाला दारातून डोकावतो,
आणि ग्लास न वाजवता ठेवून जातो.