आवाज मागसून येता

फाइल एक पूर्णांक चार जीबीची,
नावाच्या जागी नुसते आकडे, शेपटाला एमकेव्ही.
मस्कतहून पुतण्याने लिंक पाठवली
आणि आचऱ्याच्या नेटवर ती उतरायला
रात्रीचे नऊ ते पहाटेचे चार.
मी घरी झोपलो, दुकानात ती उतरत राहिली.

सकाळी शटर वर करतो तर
भिकाजी कुबल आधीच पायरीवर.
"मोबाइलात भाव माजो बोटायेवढो दिसता रे.
डीव्हीडी मारून दी. टीव्हीर बगतलंय."

त्यांचा प्लेअर पिशवीतून सोबतच आणलेला,
मुलाने एका चतुर्थीला घेतलेला,
तेव्हा मुलगा इथे होता
आणि कोऱ्या डीव्हीडी मालवणात कुठेही मिळत.
आता माझ्याकडे तीन उरल्यात, धूळ पुसून वापरायच्या.
खाऱ्या हवेने लेन्स आंधळी झालेली,
कापसाला स्पिरिट लावून हलक्या हाताने फिरवलं.
पेनड्राइव्ह लावून बघितला,
निळ्या पडद्यावर एकच ओळ: फॉरमॅट चालत नाही.

म्हणजे जुन्या साच्यात ओतणं आलं.
रुंदी सातशेवीस, उंची पाचशे शहात्तर,
सेकंदाला चित्रं पंचवीस.
मोबाइलने तीस काढलेली.
उरलेली पाच कुठे जातात, मला विचारू नका,
मी फोटो आणि झेरॉक्सवाला माणूस.

एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
आली. परत शून्यापासून.
भिकाजी बंदरावर जाऊन आले,
बांगडा कसा दिला ते सांगितलं, आणला मात्र नाही.

शेवटी लागली.
खाडीचा पलीकडचा काठ, उपडी घातलेली होडी,
गंगाराम कुबल फटींत कापूस ठोकतायत.
माड जरा रुंद झालेले,
पाण्यावरच्या चमकेचे चौकोन पडलेले,
आणि हातोडा पडून गेल्यावर, अर्ध्या सेकंदाने,
टक्.

मला लाज वाटली. म्हटलं, थांबा, आवाज घसरलाय,
पाच मिनिटांत जुळवतो.
जुळवला. हातोडा आणि टक् एका ठिकाणी आणले,
नेमके, शिलाईच्या टाक्यावर टाका बसावा तसे.
दुसरी डीव्हीडी घातली
आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे बघितलं.

"हो गंगाराम न्हय."

मी गप्प.

"सोळा वर्सा बोलूक नाय आमी.
रापणीच्या वाट्यावरना झाला ता, सगळ्या गावाक म्हायती.
सोळा वर्सा हयसून बगलंय तेका, ह्या काठार बसान.
हातोडो आदी दिसता.
आवाज मागसून येता.
तसोच ऱ्हवांदे."

गंगाराम शिमग्याआधी गेले.
हे पलीकडे जाऊन आले की नाही, मी विचारलं नाही.
व्हिडिओ मुलाने अगदी जवळ उभं राहून घेतलेला,
इतक्या जवळून भिकाजींनी भावाला कधीचं बघितलेलं नव्हतं.
गालावरचे खुंट दिसत होते, कानातला केस दिसत होता.
आणि आवाज तेवढा खाडीपलीकडून.

पहिली डीव्हीडी मी तोवर
खरवडून कचऱ्यात टाकलेली.
मग तिसरी घेतली, शेवटची,
आणि नीट जुळवलेलं पुन्हा बिघडवायला बसलो.
अर्धा सेकंद. मी विचारलं, एवढा?
"वायच आनी."
थोडा आणखी सरकवला.
"हां. भरतीक येदोच."

ओहोटीला किती, ते मी काढलं नाही.

दुकानातच पूर्ण बघितली त्यांनी, अकरा मिनिटं.
हातोडा पडायचा, ते हलायचे नाहीत.
मग आवाज यायचा,
मग मान हलायची, किंचित,
कोणी हाक मारल्यावर ओ द्यावी तशी.

पावतीवर लिहिलं: डीव्हीडी एक, साठ रुपये.
दुरुस्तीचे लावले नाहीत.
ते म्हणाले, तीन वापरलंस ना, मोजलंय मी,
आणि एकशे ऐंशी टेबलावर ठेवून
प्लेअर पिशवीत घालायला लागले, वायर बाहेर लोंबत होती.