मॅचिंग

सोळा खाने असत प्रत्येक प्राण्याला.
पहिला पारदर्शक, तो मोजायचा नाही.
उरले पंधरा.
चित्र तेच, ठिपके तेच, शेपटीचा बाक तोच;
खान्यातले आकडे तेवढे बदलायचे
की झाला दुसरा प्राणी.
मेमरीत जागा नव्हती, आणि पैसे त्याहून कमी.

नव्व्याण्णव साल. लॅमिंग्टन रोड.
खाली पिक्चर ट्यूबवाला, वर आम्ही सात जण
आणि एक एसी, तोही कॉम्प्युटरसाठी.
केरसी वाच्छा म्हणाला, "डीकरा, दोनशे बारा प्राणी.
सगळ्यांचे दुसरे रंग शुक्रवारपर्यंत.
आठ हजारात एकदा दिसणार, कोण बघतंय?"
मंगळवार होता.

मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला:
लालचा आकडा हिरव्यात टाक, हिरव्याचा निळ्यात,
निळ्याचा लालमध्ये, वर पाच वजा कर.
रात्री लावून घरी गेलो.
सकाळी एकशे नव्वद प्राणी तयार,
त्यातले निम्मे शेवाळी.
आजही कुणी विचारतं, एवढे हिरवे का हो,
त्यामागे काही अर्थ होता का?
होता. बुधवार होता.

उरलेले बावीस प्रोग्रॅमने नासवले.
कुणाचे डोळे कातडीत विरले,
एका कासवाची पाठ आणि पोट एकच झालं.
ते बावीस मी हातातल्या गेमच्या डबीत भरले
आणि रानडे रोडला नेले, आईच्या दुकानात.
म्हणजे दुकान गडाशेठचं;
आई काउंटरमागे, एकोणीस वर्षं,
पाठीशी ब्लाउजपीसचे तागे छतापर्यंत.
बाई साडीचा पदर पुढे करायची
आणि आई न वळता हात मागे टाकून
नेमका तो तागा काढायची.

तिने त्या इवल्या पडद्याकडे पाहिलं.
"ट्यूबलाइटखाली रंग बघतात का कधी?"
आणि निघाली पायरीवर. उन्हात.
गिऱ्हाईक उभं, गडाशेठ बघतोय,
आणि ती माझा कोल्हा तिरका धरून पाहतेय.
"हा आमसुली नाही, हा शिळा. लाल घाल थोडं.
कासवाला चिंतामणी दे, काठ मात्र विटकरी.
सगळंच मॅचिंग केलंस तर अंगावर काही उरत नाही.
घुबडाला कोनफळी. बघ तर खरं."
मी बिलाच्या पाठीवर लिहीत होतो:
कोनफळी म्हणजे अठरा, नऊ, एकवीस?
ऑफिसात बसवायला गेलो तेव्हा कळलं,
चिंतामणीला आकडा नाही.
दोन-चार आकडे जवळपास येतात
आणि तिथेच उभे राहतात.

एकवीस झाले. बाविसावं उंदराएवढं,
खारीच्या कुळातलं, मोतिया पोटाचं.
दोन गिऱ्हाइकं परत गेली त्याच्यापायी.
पोपटी, अंजिरी, राखी,
सगळं तिने मनातल्या मनात लावून पाहिलं,
मग डबी माझ्या हातात दिली.
"याला नको बदलू. याला हाच शोभतो."
अगं, बदलायलाच हवं, कंत्राटात लिहिलंय.
"मग तागा बदल. रंग तोच, घाणा दुसरा.
आम्ही रोज करतो. शंभरात एखादीच ओळखते,
आणि जी ओळखते ती भांडत नाही.
नुसती बघते आपल्याकडे."

शुक्रवारी चार वाजता
त्याच्या डोळ्यातल्या एका ठिपक्याचा निळा
मी एकतीसचा तीस केला.
केरसीने यादीवर टिक मारली.

गेम विकला गेला, मग विकेनासा झाला.
आठ हजारात एकदा, म्हणजे
कुठल्या तरी पोरापुढे ते आलं असणारच.
नेहमीचंच आहे म्हणून ते पोर पुढे गेलं असेल.
किंवा उन्हात बसलं असेल कुठे, पायरीबियरीवर,
आणि डबी जराशी
तिरकी केली असेल.