डब्यांवरची अक्षरं

फोर्ट वेनच्या या घरात
आठ वर्षं आमची गाडी बाहेर झोपली,
कारण गॅरेजमध्ये ट्रक होता.

इंटरनॅशनल, एकोणीसशे चौसष्टचा.
विकणाऱ्या मिसेस डिट्झलर म्हणाल्या होत्या,
याच गावात जुळला हा, माझ्या दिराच्या हातून.
खरं-खोटं त्यांना आणि दिराला ठाऊक;
मला दार लागल्याचा आवाज आवडला,
जाड, ठाम,
व्यवहार संपल्यासारखा.

संपलं काहीच नाही.
केबिनच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला
तर आरपार गेला, पापडातून जावा तसा.
पत्रा कापला, खाली आणखी गंज.
गंज खरवडला, खाली कुणीतरी घाईत भरलेली लांबी,
लांबीखाली, शपथेवर सांगतो,
एकोणऐंशी सालचं वर्तमानपत्र.
मी ते वाचत बसलो.
तो रविवार तसा गेला.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. शर्वाणीकडे वही आहे.
ब्रेकचे सिलिंडर, वायरिंग, क्रोमचा एक आरसा
(जोडीतला दुसरा मिळालाच नाही),
वेल्डिंगवाल्याचे तीन शनिवार.
तिनं बेरीज कधी वाचून दाखवली नाही.
फक्त जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
ती काचेवरचा बर्फ खरवडायची तेव्हा
खिडकीतून ऐकू यायची ती बेरीज.

इंजिन एकदाच लागलं. अकरा सेकंद.
मृण्मयीनं मोबाइलवर टिपलं;
त्यात इंजिनापेक्षा मीच जास्त ओरडतोय.

मग माझ्या रात्रपाळ्या वाढल्या,
मग घटल्या, ते आणखी वाईट.
मग मृण्मयीचे दात, छताची गळती,
नाशकात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणून
मी ट्रकवरच अंथरूण घातलं, निळ्या ताडपत्रीचं,
आणि त्याच्या शेजारून, चोरासारखा,
कपड्यांच्या मशीनकडे जाऊ लागलो.
वर्षभर पाना हातात धरला नाही.
कुणी विचारलं तर "काम चालू आहे" म्हणायचो,
डॉक्टरांना आपण सांगतो तसं,
रोज फिरायला जातो म्हणून.

थिहा आला फेब्रुवारीत, मागून आणलेला ट्रेलर घेऊन.
पंचविशीतला, ब्रह्मदेशातून लहानपणी आलेला,
गिअरबॉक्सच्या दुकानात कामाला.
घासाघीस केली नाही.
थंड फरशीवर आडवा होऊन
खालून बघत राहिला, बराच वेळ,
मग म्हणाला, मेहनत दिसते.
आठ वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.
मीसुद्धा.

अडचण निघाली ती डब्यांची.
चाळीसेक कॉफीचे डबे, सुट्या भागांचे,
आणि प्रत्येकावर माझं मराठी.
डावं दार, वरचं बिजागर.
रेडिएटर, पुढचे चार.
हॉर्न, जपून.
म्हटलं, रात्री बसून इंग्रजीत लिहून देतो.
तो म्हणाला, राहू द्या.
आमच्या आईच्या डब्यांवरही असंच काहीतरी असतं,
गोल गोल.
मला वाचता येत नाही,
पण डाळ कुठली ते चुकत नाही.

ट्रेलर कोपऱ्यावर वळला तेव्हा
हात हलवायचा राहिला.
मी अठराशे डॉलर दुसऱ्यांदा मोजत होतो.
त्याच संध्याकाळी शर्वाणीनं गाडी आत घेतली.
एवढ्या जागेत ती इतकी बुटकी दिसली
की आम्ही दोघं हसलो,
एकाच वेळी नव्हे.

एप्रिलात फोटो आला. एक डबा,
खाली नुसतं प्रश्नचिन्ह.
आत तीन नट, एक वाकडी क्लिप,
वर माझ्याच अक्षरात, घाईघाईनं:
बघू नंतर.

याला इंग्रजीत काय लिहावं,
यातच चहा गार झाला.