नववा गडी

सांगतो, पण मध्ये बोलू नका.
साल अठ्ठेचाळीस. रविवारी शिंगव्याशी सामना,
आणि शनिवारी आमच्या दगडू नाठेला गालगुंड.
दोन्हीकडून.
उरले आठ. हुतुतूला नऊ लागतात,
हे शिंगवेकर खास सायकलस्वार पाठवून
आम्हाला कळवून गेले.

देवळाली कॅम्पात तेव्हा
पलटणीच्या रिकाम्या बराकींत सिंधी उतरले होते.
त्यांची सगळी माहिती आमच्या लहवितला होती,
म्हणजे एकालाही न भेटता जमवलेली:
पापडावर जगतात, रात्री पैसे मोजतात,
आज ना उद्या आपल्या विहिरी मागतील.

त्यांतला एक रोज डोक्यावर डबा घेऊन
लोणचं विकायला यायचा.
मान बैलाची, कमरेला लालनिळं छापील फडकं.
येसू गायधनीनं त्याला पारावर अडवलं.
"नाव काय रे?"
"होतू."
"खेळ नाही विचारला. नाव."
"होतू."
"अरे हो, हुतुतूच! पण नाव?"
हे दिवेलागणीपर्यंत चाललं.
शेवटी येसू म्हणाला,
"ज्याचं नावच चढाई, त्याला काय शिकवायचं. घ्या."

नियम मी समजावले, अर्धे बोलून, अर्धे हातवारे.
ही रेघ. ओलांडायची. एका दमात शिवायचं.
आणि दम सुटायच्या आत
परत आपल्या घरात.
तो रेघेकडे बघत राहिला.
"वापस?" म्हणाला. "लकीर के पार से वापस आते हैं?"
"आते हैं," मी म्हणालो.
मी सोळा वर्षांचा. मला काय कळणार.

पंच होते वामन गुरुजी.
एक कान गेलेला, दुसरा नियमांच्या पुस्तकात.
होतू चढाईला निघाला, "होतूतू होतूतू होतूतू,"
आणि शिंगवेकर उसळले,
"स्वतःचं नाव घेतोय! बाद!"
गुरुजींनी पुस्तक चाळलं.
स्वतःचं नाव घेऊ नये, असं कुठं नव्हतं.
नवऱ्याचं घेऊ नये, हा त्यांच्या घरचा नियम,
पण तो इथं लागू होईना.

तेवढ्यात त्यानं तिघांना शिवलं.
चौथ्याला, त्यांच्याकडच्या कुस्तीत धरतात तसं
कमरेच्या धोतराला धरलं,
अलगद उचललं, फिरवलं,
आणि देव्हाऱ्यात देव ठेवावा तसं जागेवर ठेवलं.
आणि मग थांबला.
अगदी पलीकडच्या टोकाला,
आमच्याकडे पाठ करून.
दम चालू, "होतूतू, होतूतू,"
पाय मात्र हलेनात.

"फिर मागं!" येसू ओरडला.
तो फिरला नाही.
"अरे, सुटेल दम!"
नाही.
तेव्हा भागाबाई उठली. हीच ती,
आदल्या आठवड्यात विहिरीला कुलूप घालायला निघालेली,
(विहिरीला दार नाही, हे आड्यापाशी पोचल्यावर कळलं).
चवड्यांवर उभी राहून किंचाळली,
"घरी ये की रे, मेल्या!"

मग सगळेच. म्हातारे, पोरं,
दगडू नाठे, सुजलेल्या गालांतून जमेल तसं,
"घरी ये! घरी ये!"
बैलही ओरडले म्हणतात. त्याची खात्री मी देत नाही.

तो वळला.
पायांना पाच शिंगवेकर, मानेला एक,
धुळीतून नांगर ओढावा तसा येत राहिला,
नाव तेवढं तोंडात धरून,
आणि आडवा पडला तेव्हा
एक बोट, एकच,
रेघेच्या अलीकडे.

सामना आम्ही हरलो.
बाकीचे आठ आम्हीच होतो ना.

संध्याकाळी त्याच्या आईनं
दोन्ही गावांना पापड भाजून घातले,
शिंगवेकरांच्या मुक्या माराला लोणच्याचं तेल चोळलं.
झोंबलं असणार. कोणी हूं केलं नाही.

एक राहिलं.
गडी गावचाच हवा, असा नियम होता.
सकाळी वहीत, 'गाव' या रकान्यात,
मी त्याच्यापुढं लहवित लिहिलं होतं.
हात कापला, शाईचा डाग पडला.
गुरुजींनी डागावर बोट ठेवून विचारलं, "इथलाच?"
"इथलाच," मी म्हणालो.
त्यांनी मान वळवून
गेलेला कान माझ्याकडे केला,
"ऐकलं," म्हणाले,
आणि सही केली.